आईने नंबर लावला

काळजी करणं हा माझा स्वभाव, आणि पुढे तोच माझा धंदाही झाला. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर येते. कुणाचा फोन दोनदा वाजून बंद पडला की मला थेट हॉस्पिटलच दिसायला लागतं. आई म्हणते, "हिच्या डोक्यात कायम कोनतरी आजारीच असतं." अशा बाईला नोकरी मिळाली ती विमानतळाच्या नियंत्रण कक्षात, दिवसभर गर्दीकडे बघत बसायची. कुठला विमानतळ ते सांगत नाही. नोकरी टिकवायची आहे.

काम तसं बसून करायचं आहे. सुरक्षा तपासणीच्या आधी ज्या रांगा लागतात, त्यांच्या वर छताला कॅमेरे आहेत. ते माणसं मोजतात. माझ्यापुढच्या पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक हिरवा ठिपका. ठिपके दाटायला लागले की यंत्र आपलं आपणच ठरवतं: किती वेळ लागेल ते बाहेरच्या पाटीवर लावतं, नवीन रांग उघडा म्हणून सांगतं, मागून येणाऱ्यांना दुसरीकडे वळवतं. कुठे रांगेत खंड पडला तर "कृपया पुढे सरका" असं तीन भाषांत, गोड आवाजात, कुणी न सांगता बोलतं. चेहरे आम्हाला दिसत नाहीत. कॅमेऱ्याचं चित्र मोठं करून पाहिलं तरी तोंडाच्या जागी धुरकट डाग असतो, लोकांचा खाजगीपणा जपायचा म्हणून. एवढी माणसं रोज डोळ्यांखालून जातात आणि त्यातलं एकही मला ओळखता येत नाही.

सगळ्यांत जोखमीचं काम सामानाचं. सामान एका जागी राहिलं आणि त्याचा माणूस लांब गेला, तर यंत्र आधी त्याच्याभोवती पिवळं कडं काढतं. थोडी वाट बघतं आणि मग लाल चौकट करतं. लाल चौकट आली की दोन बटणं येतात, "खरं" आणि "खोटं". खरं दाबलं की त्या रांगेजवळ सुरक्षेची माणसं धावतात. खोटं दाबलं की चौकट पुसली जाते. हे बटण मात्र माणसानेच दाबायचं. तेवढी जबाबदारी यंत्राने अंगावर घेतलेली नाही, शहाणं आहे.

माझी धाकटी बहीण बंगळूरला असते. मागच्या खेपेला तिचं बाळ आठव्या महिन्यात गेलं. तेव्हा आमच्यातलं कुणी तिच्याजवळ पोचलं नव्हतं. आई रेल्वेत होती, वाटेत. या खेपेला दिवस भरत आले तसं तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सिझेरियन करावं लागेल, उद्या संध्याकाळी. बहिणीने मला फोन केला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई, आईला आण. मी आत जाताना मला ती दिसली पाहिजे. बाकी काही नको."

आईने तोवर आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालूनच. ती मोरिवलीची. माहेरही तिथलंच आणि सासरही तिथलंच; शेती होती, मग शेतीला लागून कारखाने आले, मग शेती कारखान्यांच्या मधे राहिली, आणि मग राहिलीच नाही. वडील गेल्यावर मी तिला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात माझ्याकडे आणलं. इथे चौथ्या मजल्यावर तिला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे पाणी. नळ सोडला की पाणी येतं. "कोनाशी भांडन नाय, बोलनं नाय, असा पानी काय कामाचा?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते.

मला रजा मिळाली नाही. जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि गर्दी वाढणार होती. अशा दिवसांत आमच्याकडे रजा मागणं म्हणजे लग्नात नवरीने सुट्टी मागण्यासारखं आहे. मी दोन दिवसांनी मागून जाणार होते. आईने पुढे एकटीने जायचं ठरलं. तिचं तिकीट काढलं आणि प्रवेशाच्या दारासाठी चेहरा नोंदवायला रात्रीच तिला गॅलरीत उभं केलं. मोबाईल सारखा म्हणायचा, चेहरा नीट दिसत नाही. आई फोटो म्हटल्यावर सवयीने डोक्यावर पदर घ्यायची. पदर काढायला लावला तर हसायची. हसू नकोस म्हटलं तर असा चेहरा करायची की मोबाईलच काय, मीही ओळखली नसती. शेवटी नोंद झाली.

"तिकडं खुर्ची मिळते, चाकाची. मी सांगून ठेवते," मी म्हटलं. तिचे गुडघे गेलेले आहेत. थोडा वेळ उभी राहिली तर चालते, जास्त उभी राहिली तर पाय सुजतात.

"मी काय लंगडी हाय? लेकीला बघायला चालली मी, भीक मागायला नाय."

"भीक कुठे आली यात?"

"खुर्चीत बसून गेली तर तिला वाटंल आई आजारी हाय. मना नको ती खुर्ची."

मी तिच्या पिशवीतून सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची, पुडी काढून फ्रिजवर ठेवली. डिंकाचे लाडू ठीक होते. पण सुकट विमानात नेऊ देतील की नाही, वास आला तर शेजारचा काय म्हणेल, या काळजीने मला आधीच घाम फुटला होता. पिशवी म्हणजे जांभळी, पिवळ्या बंदांची, कापडी. उल्हासनगरच्या साडीच्या दुकानाची. आमच्याकडे कुणाच्याही घरी लग्न निघालं की बस्ता बांधायला उल्हासनगर, आणि बस्त्यावर या पिशव्या फुकट. कल्याणपासून कर्जतपर्यंत बघावं त्या घरात दाराच्या खुंटीला ही जांभळी पिशवी लटकलेली सापडेल.

सकाळी माझी पाळी लवकर होती, म्हणून मी आधी निघाले. आई टॅक्सीने मागून. कामावर पोचल्यावर ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, कटईच्या पुढे सगळं जाम आहे. शीळफाट्याला काय होईल सांगता येत नाही." त्यानंतर माझा फोन लॉकरमध्ये गेला. कक्षात फोन नेता येत नाही. म्हणजे त्या क्षणापासून पाळी सुटेपर्यंत आई कुठे आहे हे मला फक्त एकाच रीतीने कळणार होतं, आणि ती रीत म्हणजे तो पडदा, ज्याच्यावर ती एक हिरवा ठिपका असणार होती.

मी त्या सकाळी काम केलं असं म्हणवत नाही. मी ठिपके शोधले. जो ठिपका हळू चालेल, मधेच थांबेल, तो मला आई वाटायचा. मग तो एखाद्या लहान मुलामागे पळायचा, आणि मला कळायचं की ही आई नव्हे. विमानाची वेळ जवळ येत चालली. शीळफाटा, गुडघे, चेहरा ओळखणारं दार, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन तर वैऱ्याची शिकवणी घेईल.

मग भिंतीकडच्या रांगेत एक गंमत दिसली. एका वस्तूभोवती पिवळं कडं यायचं आणि पुसलं जायचं. परत यायचं, परत पुसलं जायचं. आधी वाटलं कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. नीट पाहिलं तर रांग जेव्हा जेव्हा पुढे सरकत होती, तेव्हा तेव्हा ती वस्तूही तेवढीच पुढे सरकत होती. वस्तू हलली की यंत्राला वाटायचं, माणूस आला, आणि कडं जायचं. पण माणूस तर नव्हता. माणसाच्या जागी ठिपकाच नव्हता.

मी चित्र मोठं केलं. जांभळी पिशवी. पिवळे बंद. आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा बूट. रांग हलली की तो बूट आधी पिशवीला हळूच पुढे ढकलायचा आणि मग स्वतः पुढे यायचा.

मला एकदम मोरिवलीचा नळ आठवला. पाणी कारखान्याच्या भोंग्याच्या आगेमागे यायचं. पहाटेपासून बायका हंडे रांगेत ठेवून घरी जायच्या, कुणी भाकऱ्या टाकायला, कुणी पोरांना उठवायला. तिथे रांगेत फक्त हंडे असायचे. आईचा हंडा एका बाजूला चेपलेला, तो लांबून ओळखू यायचा. आणि नियम असा होता, कुणी लिहून ठेवलेला नसताना, की जी बाई आपला हंडा पुढे सरकवेल तिने पुढच्या हंड्यालाही हात लावून पुढे करायचं. दुसरीचा हंडा मागे टाकून स्वतःचा पुढे नेणारी एक बाई होती. तिच्या घरच्या हळदीला आमच्या आळीतली निम्मी माणसं गेली नव्हती. पुढे मोठेपणी आईचे गुडघे दाखवायला उल्हासनगरच्या हाडांच्या डॉक्टरकडे जायचो तेव्हाही तेच. दवाखाना उघडायच्या आधी दारापुढे चपलांची रांग, आणि माणसं समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर चहा पीत बसलेली. आई आल्या आल्या एक चप्पल काढायची, रांगेत लावायची आणि एका पायाने लंगडत पायरीवर जाऊन बसायची. याला आमच्याकडे नंबर लावणं म्हणतात.

कुणीतरी विमानतळावर, सुरक्षेच्या रांगेत, नंबर लावला होता.

हे आमच्याकडचंच माणूस करू शकतं हे मला त्या क्षणी कळलं. पण आमच्याकडचं माणूस म्हणजे आईच, हे कशावरून? जांभळी पिशवी घरोघरी आहे. जोडून सुट्ट्या आहेत, निम्मं बदलापूर आज कुठे ना कुठे निघालेलं असणार. मी भिंतीकडच्या खुर्च्या बघायला गेले, तर तिथे मधे खांब आहे आणि खांबामागचं त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तेवढ्यात पुढच्या तपासणीच्या यंत्राचा पट्टा अडकला. रांग थांबली. पिशवीही थांबली. पिवळं कडं आलं, आणि या खेपेला ते गेलं नाही.

लाल चौकट. खरं. खोटं.

खोटं दाबलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. आईची पिशवी असेल तर आई आपली उठून आली असती आणि विमानात बसली असती. खरं दाबलं आणि पिशवी आईची निघाली, तर चौकशी, तपासणी, आणि विमान तर थांबणार नाही. तिकडे एक बाई पोटावर हात ठेवून दाराकडे बघत पडली होती. पण पिशवी आईची नसेल तर? त्या रांगेत, त्या पिशवीपासून हाताच्या अंतरावर, केवढी माणसं होती. त्यांच्यातच कुठेतरी माझी आईही असेल. माझ्या डोक्यात जे जे वाईट येऊ शकतं ते सगळं त्या पिशवीत होतं. मी खरं दाबलं.

आणि लगेच वळून आमच्या पाळीच्या साहेबांना म्हटलं, "सर, ती बहुतेक माझ्या आईची पिशवी आहे."

साहेब शांत माणूस. ते चिडलेले मी कधी पाहिलेले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. "बहुतेक?" ते म्हणाले.

"तशा पिशव्या आमच्याकडे सगळ्यांकडे असतात."

"मग उठा तिथून. आपलं माणूस आत असेल तर खुर्चीत बसायचं नाही. मागे उभ्या राहा. बघा, पण बोलू नका." माझ्या जागी त्यांनी दुसऱ्याला बसवलं आणि मी त्याच्या पाठीमागे हात बांधून उभी राहिले. शाळेत उभं करत तशी.

सुरक्षेची माणसं आली. कुत्रा आला. आमच्या यंत्राला कुत्रा कळत नाही, ते त्याला लहान मूल समजून छोटा ठिपका काढतं. तो छोटा ठिपका पिशवीजवळ गेला आणि तिथेच राहिला. हलेना. त्याला ओढलं तरी हलेना. साहेबही पुढे वाकले. कुत्रा हलत नाही याचा अर्थ आमच्याकडे एकच असतो, आणि तो मी इथे लिहीत नाही. मग खांबामागून एक ठिपका निघाला. आधी हळू, मधेच थांबला, आणि मग मला माहीतच नव्हतं की त्याला एवढं भरभर येता येतं, इतका भरभर तो त्या घोळक्याकडे आला.

"आहे का?" साहेबांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. मला रडू येत होतं आणि बोलायची मनाई होती, हे एक बरं झालं.

पिशवी आणि तो ठिपका दोघांना बाजूच्या टेबलाकडे नेलं. पट्टा सुरू झाला. रांग चालू लागली. मी टेबलाकडे बघत होते, म्हणून दुसरी गोष्ट माझ्या आधी माझ्या जागी बसलेल्याला दिसली. "हे काय आहे?" तो म्हणाला.

रांगेत एक जागा मोकळी राहिली होती. एका माणसाएवढी. पुढचे ठिपके पुढे गेले तशी ती मोकळी जागाही पुढे गेली. मागचे ठिपके तिच्या मागे चालले होते, तिच्यात शिरत नव्हते. यंत्राने ओळखलं की रांगेत खंड पडला आहे, आणि गोड आवाज सुरू झाला. कृपया पुढे सरका. मग हिंदीत. मग इंग्रजीत. कुणी सरकलं नाही. यंत्राने पुन्हा सांगितलं. पाटीवरची वेळ वाढवली, मागून येणाऱ्यांना दुसऱ्या रांगेकडे वळवलं, पुन्हा तीन भाषांत विनंती केली. ती मोकळी जागा आपली चालतच राहिली, वळण आलं तर वळली, थांबायला लागलं तर थांबली.

टेबलाकडचा ठिपका निघाला. तो रांगेच्या शेवटाकडे वळला, कारण नियमाने तो तिकडेच जायला हवा होता. मग थांबला. कुणीतरी हाक मारली असणार. तो परत फिरला, आणि चालत चालत त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. पडद्यावरची खंडाची सूचना गेली. गोड आवाज बंद झाला.

साहेब आपल्या जागेवर जाऊन बसले. "तुमच्याकडचे लोक," एवढंच म्हणाले.

तपासणीच्या पलीकडे आमचे कॅमेरे नाहीत. ठिपका तिथे जाऊन संपला. विमान मिळालं की सुटलं, हे मला पाळी सुटेपर्यंत कळणार नव्हतं. मी पुन्हा खुर्चीत बसले आणि अनोळखी माणसं मोजत राहिले.

लॉकर उघडला तेव्हा फोनवर बहिणीच्या नवऱ्याचा मेसेज होता. प्रेशर आणखी वाढलं, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, दुपारीच आत नेलं. आई पोचली नव्हती. मी आईला फोन लावला तर बंद. विमानात असेल म्हणून बंद, की बॅटरी गेली म्हणून बंद, की रडत कुठेतरी बसली आहे म्हणून बंद? मी विमानतळाबाहेर फुटपाथवर उभी राहून तो नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. शेजारी एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, कुठे जायचंय?" आणि मी त्याला बंगळूर म्हणून बसले.

मग आईचाच फोन आला. मागे बंगळूरची रहदारी ऐकू येत होती.

"उतरली मी. गाडीत बसलीय. काय गं तुमचं ते विमानतल! मना चोरच करून टाकला."

"आई, पिशवी का ठेवलीस रांगेत?"

"मग काय करू? पाय ठनकायला लागला. मागं उल्हासनगरचे शेट होते, साडीवाले. पिशवी बघून बोलले, अम्मा, ये तो हमारे मार्केट का थैली है. बोलले, आप बैठो अम्मा, आपका नंबर मेरे आगे है, मैं सरकाता हूँ. नंबर लावला नि बसली. त्यात काय चुकला? आनि तो कुत्रा! पुडी सोडंना."

"कसली पुडी? मी काढून ठेवली होती."

"ठेवली होतीस. मी परत घेतली. तिला सुकट खायची इच्छा झालीय तर काय फ्रिजवर ठेवू? साहेबानी उघडून बघितली, नाक धरला, नि हसला. सगली रांग हसली. परत मागं जाऊन उभी राहनार तं शेट बोंबलला, अम्मा, आपका नंबर इधर है. बाकीची मानसं पन बोलली. कोनच पुढं सरकला नाय. वरनं ती बाई सारखी वरडत होती, सरका सरका. कोनी ऐकला नाय तिचा."

"आई, ती पिशवी पकडायला मीच सांगितलं होतं. बटण मी दाबलं."

ती म्हणाली, "मग दाबायलाच पायजे. बिनमानसाची पिशवी असली तर बघायला नको कोनाची हाय ती? नोकरी हाय तुजी." आणि लगेच, "धाकटी कशी हाय? आत जायला येल हाय ना अजून?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि तिला खोटं ऐकू येत नाही. मी सांगितलं की तिला आत नेलं. "ड्रायव्हरला बोल जरा लवकर चालव," ती म्हणाली, जसं काही मी शेजारी बसले होते.

घरी येईपर्यंत मी काय केलं ते आठवत नाही. हेंद्रेपाड्याच्या जिन्यात मात्र लक्षात आलं की आज गॅस बंद केला की नाही याचा विचारच आला नाही. संध्याकाळी मेसेज आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी रडले, देवापुढे दिवा लावला, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. बहिणीने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती तिला मिळाली नव्हती. या खेपेलाही ती दारातून आत गेली तेव्हा आई वाटेत होती. विमान चुकलं नव्हतं, म्हणजे हिशोबाने कारण ब्लडप्रेशरच होतं. पण अडकलेली रांग आणि माझं बोट काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण तिचाच. बाळाचं नाक आमच्या वडिलांसारखं आहे म्हणाली. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली, की तू आत जायच्या आधी आई पोचली नाही, मी तिच्याबरोबर यायला हवं होतं, नोकरी सोडावी लागली तरी.

"थांब गं ताई," ती म्हणाली. "मला आत नेलं तेव्हा मी खूप घाबरले होते. खोटं नाही सांगत, मागचंच सगळं आठवत होतं. बाहेर आणलं तेव्हा अर्धवट शुद्धीत होते. आई कुठेच दिसली नाही. तिला नर्सने खाली सही करायला पाठवलं होतं म्हणे. मला बाहेर काढलं, तर ऑपरेशन थिएटरच्या दाराला लागूनच, सगळ्यांच्या पायात येईल अशी, जांभळी पिशवी ठेवलेली. वॉर्डबॉय ती उचलून बाजूला करायला गेला. मला बोलता येत नव्हतं, तरी मी हात केला, राहू दे म्हणून."

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"पिशवी बघितली ना," ती म्हणाली, "नि म्हटलं, आई हाय."